मजुरीचा शिक्का आणि शायर

उर्दूत एहसान दानिश (१९१४-१९८२) यांना ‘शायर-ए-मजदूर’ म्हणतात. आजच्या उत्तर प्रदेशातील कांधल्यात ते वाढले. गरिबीमुळे शाळा सुटली, लाहोर गाठले आणि तिथे बांधकामावर विटा-गारा वाहिला. रंगकाम, पहारा, माळीकाम, मिळेल ते केले. ‘जहान-ए-दानिश’ या आत्मचरित्रात ही सारी हकीकत आली आहे.

किताब गौरवाचा खरा. पण आम्हाला त्यात एक अडचण दिसते. मजुराने कविता लिहिली याचेच कौतुक इतके होते, की कविता कशी आहे हे विचारायचे राहून जाते. याच दानिश यांनी ‘उर्दू मुतरादिफात’ हा समानार्थी शब्दांचा संग्रह सिद्ध केला. दोन जवळच्या शब्दांतला बारीक फरक पारखायला उस्तादाची नजर लागते. दिवसभर घमेले उचलणाऱ्याने पाहिलेले मोठे स्वप्न आम्हाला इथे दिसते: भाषेवर हक्क मिळवण्याचे. त्याला विरंगुळा कसे म्हणावे?

आमच्याकडेही शाहीर अमर शेख यांच्या पहाडी आवाजाबद्दल सारे बोलतात. ‘कलश’, ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह मात्र क्वचितच उघडले जातात.

उद्या एखादा गवंडी, एखादा बिगारी आपली वही घेऊन आमच्याकडे आला, तर त्याच्या हातांवरचे घट्टे पाहून आम्ही गुण देऊ नयेत. कुठली ओळ सैल आहे, कुठला शब्द चुकला, हे त्याला स्पष्ट सांगावे. भिंत ओळंब्यात नसेल तर मुकादम त्यालाही ती पाडायला लावतोच. कवितेच्या बाबतीत आम्ही त्याला कमी का लेखावे?