ख्रिस्तपुराणातील वैकुंठ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी बोलताना मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्यांपाशी थांबण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. भाषादिनाच्या व्याख्यानात त्या म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. ज्या श्रद्धेसाठी ग्रंथ रचला गेला, तिच्याकडे आपण मोठ्या सौजन्याने पाठ फिरवतो. मरणापलीकडच्या जीवनाविषयीची ती श्रद्धा मरणाअलीकडच्या दिवसांना कसे वळण लावते, एवढ्याच अंगाने आम्ही या ग्रंथाकडे पाहणार आहोत.

स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये येथेच निवर्तले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत. चाळीस वर्षे परक्या उष्ण प्रदेशात राहून, तेथील लोकांच्या भाषा शिकून, त्या भाषांत व्याकरण आणि पुराण रचणे हे केवळ विद्येच्या हौसेने होत नाही. कोणत्या आशेवर हा मनुष्य जगत होता, हा प्रश्न ग्रंथ उघडण्यापूर्वीच उभा राहतो. 1616 मध्ये राचोल येथे पुराण छापले गेले तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते.

काही पारिभाषिक शब्द त्यांनी पोर्तुगीजच ठेवले. परंतु देवाच्या निवासासाठी मात्र 'स्वर्ग' आणि 'वैकुंठ' हे आपले शब्द घेतले. या निवडीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. तिच्यातला धोका फारसा कोणी सांगितलेला नाही. आपला स्वर्ग पुण्य संपले की सोडावा लागतो. वैकुंठातून परत येणे नाही. म्हणून 'वैकुंठ' हा शब्द ख्रिस्ती कल्पनेच्या अधिक जवळचा, हे खरे. परंतु आपल्या वैकुंठामागे जन्मांची लांब रांग उभी आहे. या जन्मी राहिले ते पुढच्या जन्मी, हा दिलासा त्या शब्दाच्या पोटात आहे. ख्रिस्ती श्रद्धेत तो दिलासा नाही. जन्म एकच आणि त्याचा हिशेबही एकदाच. स्टीफन्सनी शब्द आपला घेतला आणि त्याच्या मागची रांग पुसून टाकली. सासष्टीतील ज्या श्रोत्यांच्या आज्या-पणज्या आदल्या पिढीपर्यंत हरिकथा ऐकत होत्या, त्यांच्या कानी हा शब्द पडताना ती रांग खरोखरच पुसली गेली असेल काय? आमच्या मते केवळ ओव्यांनी ते झाले नाही. ते काम रोजच्या आचाराने केले.

आमच्या नोकरीची बरीच वर्षे सासष्टीत गेली. कचेरीत दुपारच्या बाराला इगर्जीची घंटा ऐकू येई आणि एक वयस्क कारकून हातातील लेखणी खाली ठेवून क्षणभर ओठ हलवीत. जमाखर्चाचा तक्ता समोर अर्धा पडलेला असे. प्रथम आम्हांस हा कामचुकारपणा वाटला, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्यांच्या घरी जाणे-येणे झाले, तेव्हा संध्याकाळची घंटा, तेर्स आणि त्यानंतर मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे वाकून मागितलेले 'बेसांव' हे सारे पाहिले. दिवसाच्या मध्यावर आणि शेवटी त्यांना एक धनी आठवत होता, एवढाच त्या घंटेचा अर्थ. या गृहस्थांच्या हिशेबात पैशाची चूक आम्हांस कधी सापडली नाही. अर्थात घंटा ऐकून हात जोडणारे सगळेच तसे नव्हते, हेही सांगून टाकतो.

त्याच घरी मुलीच्या लग्नाआधी आम्ही 'भिकाऱ्यां जेवण' पाहिले. घरातील मृत माणसांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना बोलावून जेवू घालण्याची ही गोव्यातील ख्रिस्ती चाल आहे. घरातील कर्त्या बाईने स्वतः वाढले, आग्रह केला. लग्नाच्या पाहुण्यांची वेळ अजून यायची होती. आपल्याकडे पान कावळ्यासाठी ठेवतात; येथे मृतांच्या नावाने भुकेल्या माणसाला बसवले होते. चाल जुन्या श्राद्धाची आठवण देणारी आहे, हे उघड आहे. पण तिच्यात नवे तत्त्व शिरले आहे. मृत आत्मे शुद्धीच्या अवस्थेत, म्हणजे 'पुर्गातोरां'त असतात आणि जिवंतांची प्रार्थना, मीस व दानधर्म त्यांच्या उपयोगी पडतो, या शिकवणीला ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये पुन्हा दुजोरा दिला होता. त्याहून खोल असा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. अखेरच्या न्यायाच्या वेळी भुकेल्याला दिलेले अन्न हे प्रत्यक्ष प्रभूलाच दिलेले ठरते, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे स्वर्गाची वाट अंगणात बसलेल्या त्या पंगतीतून जाते. स्वर्गाच्या आशेमुळे माणूस या जगाविषयी उदासीन होतो, हा आक्षेप आम्हीही तरुणपणी हिरिरीने घेत असू. त्या दुपारी तो घेण्याचे धैर्य झाले नाही.

परंतु याच श्रद्धेची दुसरी बाजू झाकून लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल. परक्याचा आत्मा स्वर्गास न्यावयाचा तर त्याचे देऊळ पाडण्यासही हरकत नाही, असा हिशेब त्याच सासष्टीत मांडला गेला. 1567 मध्ये तेथील देवळे पाडली गेली. 1583 मध्ये कुंकळ्ळीस पाच जेजुइट मारले गेले आणि पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावकऱ्यांचे पुढारी मारण्यात आले. स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होते. आमच्या घराण्याचा देवही त्या धामधुमीत नदीपार नेला गेला. एका जन्माची घाई कारकुनाला प्रामाणिक ठेवते आणि सत्ताधाऱ्याला निर्दय करू शकते. दोन्ही गोष्टी त्याच मुळातून आल्या आहेत.

पुराणकार म्हणून स्टीफन्स यांचे यश या ठिकाणी मोजावे, असे आम्हांस वाटते. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे पुराणाची मागणी करतो. जुनी पुराणे हिरावली गेली आणि हातात नवे काही नाही, ही नवख्रिस्ती समाजाची उपासमार स्टीफन्सनी ओळखली होती. ती कोणामुळे झाली, याची जबाबदारी मात्र त्यांनी कोठे घेतलेली दिसत नाही. तरीही आज्ञा आणि धाक यांच्या काळात त्यांनी गोष्ट सांगण्याचा मार्ग धरला. ओवी घेतली आणि वैकुंठ हा शब्दही घेतला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी हस्तलिखितांतून हे पुराण टिकले, याचा अर्थ ते कोणीतरी घराघरांत उतरून घेत होते, वाचत होते. त्या वाचणाऱ्यांना 'वैकुंठ' म्हणताना विठ्ठल दिसे की ख्रिस्त, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. आमचे ते कारकून मात्र कधी मराठी वाचत नसत. आम्ही एकदा त्यांना काही ओव्या वाचून दाखवल्या. शब्द पुरते कळले नाहीत. परंतु चाल ऐकून ते म्हणाले, उपासकाळात आमची आजी असेच काहीतरी म्हणे.