सिद्धदोष उमेदवार आणि स्वातंत्र्यवादी मत

ज्यास न्यायालयाने अपराधी ठरविले आहे अशा इसमास लोकप्रतिनिधित्वाच्या निवडणुकीस उभे राहण्याची मुभा असावी काय, ह्या प्रश्नास स्वातंत्र्यवादी, म्हणजे इंग्रजीत ज्यांस ‘लिबर्टेरियन’ म्हणतात ते, विचारवंत बहुधा होकारार्थी उत्तर देतात. हा पंथ उदारमतवादाच्याच कुळातील असला तरी शासनसंस्थेविषयीची त्याची भूमिका पुष्कळच अधिक कठोर आहे. शासन म्हणजे बळाचा वापर, आणि असा वापर दुसऱ्याच्या जीवितावर व मालमत्तेवर होणाऱ्या आक्रमणाच्या निवारणापुरताच न्याय्य, हे त्याचे आद्य सूत्र होय. ह्या सूत्रातून सिद्धदोष उमेदवारासंबंधीचा निष्कर्ष खरोखर निघतो काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे. निष्कर्षाचा काही भाग ग्राह्य आहे. तथापि तो ज्या आधारावर उभा केला जातो तो आधार पंथाच्या मूळ सिद्धान्ताशीच जुळत नाही.

प्रथम ह्या मताचा युक्तिवाद पाहू जाता त्याचे दोन धागे दिसतात. लायसँडर स्पूनर ह्या अमेरिकन विधिज्ञाने १८७५ साली दुर्गुण आणि गुन्हा ह्यांतील भेद स्पष्ट केला: ज्या कृत्यात दुसऱ्या कोणाच्या शरीरास वा वित्तास अपाय नाही, ते कितीही निंद्य असले तरी गुन्हा नव्हे. राज्याच्या कायद्याने त्यास गुन्हा म्हटले म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. तेव्हा दोषसिद्धी ही केवळ राज्याच्या आज्ञेचा भंग झाल्याची नोंद असू शकते, आणि अशा नोंदीवरून कोणासही अपात्र ठरविणे अन्यायाचे होय. दुसरा धागा मरी रॉथबर्ड ह्यांच्या १९८२ सालच्या नीतिविषयक ग्रंथात सापडतो. अपराध्याने दुसऱ्याचा जेवढा हक्क हिरावून घेतला तेवढाच त्याचा स्वतःचा हक्क लोपतो, अधिक नाही, असे प्रमाण तेथे घालून दिले आहे. ते मान्य केल्यास भरपाई व शिक्षा पुरी झाल्यावर अपात्रतेचे शेपूट मागे ठेवण्यास कारण उरत नाही.

ह्या मताच्या बाजूने इतिहासात जो सर्वांत बळकट दाखला आहे तो जॉन विल्क्सचा. १७६३ साली आपल्या पत्राच्या पंचेचाळिसाव्या अंकात त्याने राजाच्या भाषणावर टीका केली. ती राजद्रोही बदनामी ठरली. एका अश्लील काव्याच्या मुद्रणाचा आरोपही त्यास जोडला गेला. १७६४ च्या आरंभी कॉमन्स सभेने त्यास काढून टाकले, आणि तो फ्रान्समध्ये असतानाच न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. १७६८ मध्ये तो परतला, मिडलसेक्स परगण्यातून निवडून आला, आणि त्यानंतर त्यास बावीस महिन्यांची कैद व दंड झाला. फेब्रुवारी १७६९ मध्ये सभेने त्यास पुन्हा काढले. मतदारांनी त्याच महिन्यात पुन्हा निवडले. सभेने त्यास त्या पार्लमेंटपुरते निवडणुकीस अपात्र ठरविले. मतदारांनी मार्चमध्ये तिसऱ्यांदा निवडले, आणि तीही निवडणूक रद्द झाली. अखेर एप्रिलमध्ये सरकारपक्षाने लट्रेल नावाचा उमेदवार उभा केला. विल्क्सला ११४३ मते पडली, लट्रेलला २९६. आणि सभेने लट्रेलला विजयी जाहीर केले. विल्क्स मनुष्य म्हणून फारसा आदरणीय नव्हता, हे त्याचे चाहतेही जाणत असत. पण ११४३ च्या जागी २९६ मोठे ठरविणाऱ्या सभेपुढे त्याच्या शीलाचा प्रश्न गौण होऊन बसला. पुढे १७७४ साली तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला व पार्लमेंटमध्ये परतला. १७८२ साली त्याच्या अपात्रतेचा ठराव सभेच्या दप्तरातून खोडण्यात आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये पॉवेल प्रकरणी, संविधानाने घातलेल्या वय, नागरिकत्व व निवास ह्या अटी पुऱ्या करणाऱ्या निर्वाचित सभासदास प्रतिनिधिगृह प्रवेश नाकारू शकत नाही, असा निर्णय दिला तेव्हा ह्या इतिहासाचा आधार घेतला होता.

यूजीन डेब्जचे उदाहरण ह्याच जातीचे आहे. जून १९१८ मधील युद्धविरोधी भाषणाबद्दल त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० साली अटलांटाच्या तुरुंगातून त्याने अध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि त्यास नऊ लाखांवर मते पडली. डेब्ज समाजवादी होता, म्हणजे स्वातंत्र्यवाद्यांचा अर्थविषयक प्रतिपक्षी. तरीही त्याच्या हक्काचा पुरस्कार करणे त्यांस भाग आहे, आणि हे त्या मताच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे. ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना १८९७ व १९०८ साली झालेल्या शिक्षा ठाऊक असलेल्या मराठी वाचकास हा मुद्दा अधिक समजाविण्याची गरज नाही.

परंतु ह्या दाखल्यांतून नेमके काय सिद्ध होते? दोहोंत राज्य हेच फिर्यादी आहे आणि राज्य हेच दुखावलेला पक्ष आहे. तेथे दोषसिद्धीस अपात्रतेचे कारण करणे म्हणजे वादातील एका पक्षाने प्रतिपक्षाचे तोंड बंद करणे होय. शिवाय विल्क्सच्या प्रकरणी जो हक्क भंगला तो मुख्यतः विल्क्सचा नव्हता. तो मिडलसेक्सच्या मतदारांचा होता. स्वातंत्र्यवादी लेखनात हे दोन हक्क वारंवार एकमेकांत मिसळतात. उमेदवाराचे स्वातंत्र्य म्हणून जे मांडले जाते ते वस्तुतः मतदाराचे निवडीचे स्वातंत्र्य असते.

ह्या मिश्रणाने खरी अडचण उत्पन्न होते. बोलणे, व्यापार करणे, प्रवास करणे ही स्वातंत्र्ये व्यक्तीची स्वतःची आहेत; अधिकारपद हे तसे नाही. ते इतरांवर कर बसविण्याचे, त्यांस बंदीत टाकण्याचे सामर्थ्य आहे. शासनाकडे सर्वाधिक संशयाने पाहणाऱ्या पंथाने अशा सामर्थ्याच्या इच्छेस नैसर्गिक हक्काचा दर्जा द्यावा, हे चमत्कारिक आहे. मतदाराच्या स्वातंत्र्याचा आश्रय घेतला तरी सुटका होत नाही. बहुमताने अल्पमतावर लादलेल्या शासकास नैतिक अधिकार नाही, असे स्पूनरनेच १८६७ ते १८७० ह्या काळात ‘नो ट्रेझन’ ह्या लेखमालेत प्रतिपादन केले होते. मतदान हे त्याच्या दृष्टीने फार तर सक्तीखाली असलेल्या मनुष्याचे आत्मरक्षण. आत्मरक्षणाचा हक्क मान्य केला तर ज्यांनी त्या उमेदवारास मत दिले नाही त्यांचेही रक्षण विचारात घ्यावे लागते.

बॉस्टनच्या जेम्स मायकेल कर्लीचा वृत्तान्त ह्या दृष्टीने पाहावा. दुसऱ्याच्या नावाने सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसल्याबद्दल त्यास तुरुंगवास झाला, आणि १९०४ साली तो तुरुंगात असतानाच नगरसभेवर निवडून आला. मित्रासाठी केले, एवढे समर्थन मतदारांना पुरले. १९४५ साली तो पुन्हा महापौर झाला; पुढे टपालाद्वारे केलेल्या फसवणुकीबद्दल १९४७ मध्ये पाच महिने कैदेत राहूनही त्याने पद सोडले नाही. अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी त्याची शिक्षा कमी केली. १९४९ साली मतदारांनी त्यास पाडले, आणि स्वातंत्र्यवादी ह्यावर बोट ठेवून म्हणेल, पाहा, मतपेटीनेच निकाल लावला. लावला खरा, पण पंचेचाळीस वर्षांनी. शिवाय फसवणूक हा त्या पंथाच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणेही खरा गुन्हा आहे. विल्क्ससाठी घडविलेले चिलखत येथे कर्लीच्या अंगावर चढविले जाते.

रॉथबर्ड ह्यांचे प्रमाणच कसोटीस लावले तर अधिक स्पष्ट निष्कर्ष निघतो. ज्याने लाच देऊन वा खोट्या मतांनी निवडणूक भ्रष्ट केली, त्याने इतरांच्या मताचे मोल हिरावून घेतले. त्या प्रमाणात त्याचा निवडणुकीवरील हक्क लोपावयास हवा. मत हा हक्कच नव्हे, असे म्हणून ह्यातून निसटता येईल. मात्र तसे म्हटल्यावर उमेदवारी हा हक्क आहे असेही म्हणता येत नाही.

ह्या मताजवळ एक उत्तर उरते, आणि ते हलके नाही: अपात्रतेची यादी कोण करणार? सत्ताधारीच. एप्रिल १९८१ मध्ये कैदेत उपोषण करणारा बॉबी सँड्स उत्तर आयर्लंडमधून कॉमन्स सभेवर निवडून आला, मे महिन्यात मरण पावला, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने एक वर्षाहून अधिक शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांस उमेदवारी बंद केली. कायदा त्या निवडणुकीमुळे झाला, हे कोणी लपविले नाही.

भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील आठवे कलम ह्याच वादाचे उत्तम साहित्य पुरविते. दोन वर्षांची वा अधिक शिक्षा झालेला इसम सुटकेनंतर सहा वर्षे अपात्र राहतो, ही सर्वसाधारण मर्यादा. ती अपराधाच्या जातीकडे पाहत नाही. पहिल्या पोटकलमात मात्र शिक्षेच्या मुदतीचा विचार न करता अपात्र करणारे अपराध गणले आहेत. त्यांत निवडणुकीतील लाचलुचपत व तोतयेगिरी आहे, अस्पृश्यतेच्या आचरणासंबंधीचे अपराध आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीस १९७३ च्या परकीय चलन अधिनियमाखालील, अमली पदार्थांविषयीचे व राष्ट्रध्वजाच्या अवमानाचे अपराधही बसविले आहेत. स्पूनरचा भेद ह्या यादीतून फिरविला तर तिचे दोन तुकडे होतात. स्वातंत्र्यवादी लेखक चलन, अमली पदार्थ व ध्वज ह्यांचा तुकडा टाकून देण्याविषयी पुष्कळ बोलतात; दुसरा तुकडा, म्हणजे निवडणुकीतील लाच व तोतयेगिरी, का ठेवू नये ह्याचे उत्तर त्यांच्या सूत्रातून अद्याप निघालेले नाही.