पुतळ्यात न मावलेली मध्यस्थी

शिवनेरीवर जाणारी माणसे शिवकुंजापाशी थबकतात. तेथे जिजाऊ आणि बालशिवाजी यांचे धातुशिल्प आहे. बाळराजांच्या हाती लहानशी तलवार आहे. पाहणाऱ्याला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. माता, पुत्र आणि उद्याचे राज्य एवढा आशय ते शिल्प एका दृष्टिक्षेपात पोहोचविते, आणि हेच त्याचे यश आहे. याच जुन्नर तालुक्यात, ओतूर गावी, आणखी एका स्त्रीने शिल्पाच्या योग्यतेचे कार्य केले. ती अपरिचित असती तर नवल नव्हते. पण ती आहे सावित्रीबाई फुले, जिचे पुतळे आज महाराष्ट्रात गावोगाव उभे आहेत. या पुतळ्यांतून ओतूरचा प्रसंग मात्र सहसा भेटत नाही.

प्रसंग १८७७ चा. दुष्काळाचे दुसरे वर्ष चालू होते. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या होत्या आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला होता. सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यासाठी सावित्रीबाई ओतुरास राहिल्या होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ओस पडणारी गावे, चाऱ्यावाचून मरणारी गुरे, सावकारांची पिळवणूक आणि त्यातून उसळलेले दंगे यांचे वर्णन त्यात आहे. दंगा शमविण्यास कलेक्टर आला, आणि गोऱ्या शिपायांनी सुमारे पन्नास सत्यशोधकांनाच धरले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतले. त्यांनी त्याला सरळ विचारले की निरपराध सेवकांना खोट्या आळाखाली का डांबले. माणसे सुटली. एवढेच नव्हे, तर लोकांची दशा ऐकून त्या अधिकाऱ्याने चार गाड्या ज्वारी धाडली.

भुकेलेली रयत, भेदरलेले सावकार आणि बंदुका घेतलेले सरकार, या तिघांच्या मधोमध एक बाई उभी राहिली. तिच्या हाती ना शस्त्र होते, ना पद. नायगावहून १८६८ साली लिहिलेल्या पत्रातही असाच एक प्रसंग आहे. ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीची गर्भवती मुलगी यांना मारावयास निघालेल्या जमावापुढे त्या धावत गेल्या, आणि कायद्याची जाणीव देऊन दोघांचे प्राण त्यांनी वाचविले. म्हणजे ओतूर हा अपवाद नव्हता.

आता पुतळ्यांकडे पाहू. डोक्यावर पदर, हातात पुस्तक, कधी शेजारी एखादी मुलगी. हा साचा एवढा पक्का झाला आहे की पुस्तक काढून घेतले तर ओळख पटणार नाही, अशी धास्ती शिल्पकारालाही वाटत असावी. पुणे विद्यापीठाला २०१४ साली त्यांचे नाव मिळाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या आवारात त्यांचा पुतळा आला. विद्येच्या प्रांगणात शिक्षिकेची प्रतिमा शोभते, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या एकटेपणाविषयी. उंच चौथऱ्यावर, कोणाकडेही न पाहता, क्षितिजाकडे दृष्टी लावून उभी असलेली ही स्त्री कोणाशी बोलत असेल, असे वाटतच नाही. ओतूरच्या सावित्रीबाईंचे तर सारे सामर्थ्य बोलण्यात होते.

अडचण कलेची आहे, हे मान्य केले पाहिजे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या मोटारीपुढे आडवे झाले. तो क्षण शिल्पात सहज उतरतो, कारण बलिदानाला आकार असतो. मध्यस्थीला तो कोठून आणावा? आपण भाविक मंडळी प्रार्थनेत हा शब्द नित्य उच्चारतो, परंतु मध्यस्थी करणाऱ्या व्यक्तीचा चेहरा कसा असेल, याचा विचार क्वचितच करतो.

श्रेष्ठ शिल्पकारांनाही ही बाजू निसटली आहे. फ्रान्समधील कॅले नगराने १८८४ साली रोदँकडून एक स्मारक मागविले. १३४७ साली नगर वाचावे म्हणून सहा नागरिक गळ्यात दोर घालून इंग्लंडच्या राजाला शरण गेले, त्याचे हे शिल्प. सहाजणांच्या चेहऱ्यांवरील भीती आणि निर्धार रोदँने असे घडविले आहेत की पाहणारा अस्वस्थ होतो. ही माणसे रस्त्यावरील लोकांच्या पातळीवर उभी असावीत, अशी त्याची एक कल्पना होती. १८९५ साली नगराने त्यांना उंच चौथरा दिला. पण ज्या फिलिपा राणीने, गर्भवती असताना, राजाची विनवणी करून त्या सहाजणांचे प्राण वाचविले असे इतिहासकार सांगतात, ती या शिल्पात कोठेच नाही.

रोदँची ती कल्पना ओतूरला घेता येईल. बाजारपेठेत, माणसाच्या उंचीवर, चौथऱ्याविना एक समूहशिल्प असावे. मागे दोर बांधलेली पाच-सात माणसे, समोर खुर्चीतून किंचित उठलेला अधिकारी, आणि त्या दोहोंच्या मध्ये सावित्रीबाई, वाक्याच्या ऐन मध्यावर. एका कडेला ज्वारीच्या गाडीचे चाक तेवढे दिसावे. त्यांचे हात मात्र रिकामे ठेवावे लागतील, आणि स्मारक समितीच्या बैठकीत कोणीतरी पुस्तकाचा आग्रह धरीलच.