अर्जाची भाषा आणि आजोबांची पलटण

पिंपरी, देहूरोड, चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यातील अनेक दलित कुटुंबे आज आपल्या आजोबा-पणजोबांच्या लष्करी नोकरीचा शोध घेत आहेत. या शोधावरचे लेख जयंतीच्या स्मरणिकांतून छापले जातात. काही वहीतच राहतात. त्यांतले बरेच मी वाचले आहेत. त्यांना साहित्य म्हणावे की नाही, या वादात मी शिरत नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावाने केवळ जातीच्या नावाने हाक मारली, त्यांनी पूर्वजाचे नाव, हुद्दा आणि पलटण कागदावर उतरवणे, हीच मोठी गोष्ट आहे. परंतु म्हणूनच या लेखनाची चिकित्सा झाली पाहिजे. कौतुकाने ते वाढणार नाही.

या लेखनाचा साचा ठरलेला आहे. चाकणहून शिक्रापूरमार्गे पेरण्याच्या विजयस्तंभाला जायचे, १८१८ च्या लढाईत पडलेल्यांतील ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे वाचायची, तेथून आजोबांच्या पदकाकडे यायचे आणि ‘आम्ही शूर होतो’ असे म्हणून थांबायचे. शौर्य खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न असा की, हे कोणाला सांगायचे आहे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. १८९२–९३ च्या सुमारास ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त पुढे करून इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. तिच्याविरुद्ध लेखणी उचलली ती पेन्शनर सैनिकांनी. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. दलितांच्या आधुनिक गद्याच्या सुरुवातीच्या पानांत हे अर्ज येतात, आणि ते लिहिण्याइतके अक्षर पलटणीच्या शाळांनी दिले होते. मात्र अर्जाला एक मर्यादा असते. त्यात मालकाच्या मापाने बोलावे लागते. आम्ही निष्ठावंत आहोत, शूर आहोत, म्हणून दार उघडा, असेच म्हणावे लागते.

दार उघडले ते सरकारला माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. महायुद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब विजयस्तंभाला गेले, तेव्हा हे दार पुन्हा बंद झालेले होते. म्हणून त्या भेटीला केवळ पूर्वजगौरव म्हणता येत नाही. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही दुसरे महायुद्ध पेटल्यावर. १९४३ साली उभी राहिलेली चमार रेजिमेंट तर १९४६ मध्ये मोडलीसुद्धा. ज्या लेखात आजोबांचे शौर्य आहे पण हे उघडझाप करणारे दार नाही, तो लेख आजही अर्जच आहे. फरक इतकाच की आता तो कोणाकडे करायचा, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट नावांची. आजचे आडनाव घेऊन शोधायला निघालेला नातू बहुधा रिकाम्या हाताने परततो. सुभेदार रामजी सकपाळ यांचा शोध कोणी ‘आंबेडकर’ या नावाने घेतला तर काय सापडेल? स्तंभावरच्या नावांतही आजची आडनावे नाहीत. म्हणून पहिल्या महायुद्धाचे पदक घरात असेल, तर पुढच्या चित्राआधी त्याची कड पाहावी. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. महार रेजिमेंटच्या सैनिकाची चौकशी सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात करताना त्या वेळचे नाव, बापाचे नाव आणि गाव द्यावे. बदललेल्या नावाची हकीकत लेखात वगळू नये. ते नाव का टाकले, हाच आपल्या इतिहासाचा गाभा आहे.

तिसरी गोष्ट, ज्यांना पदक मिळाले नाही त्यांची. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी बसवलेल्या दगडी पाट्यांवर या गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच असते. आकडा आहे, माणूस नाही. उलट खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दगडामागून दगड नाव, नंबर आणि पलटण सांगत उभे आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने मान्य केले की, पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांचे, त्यांत हिंदी सैनिकही आले, स्मरण बरोबरीने झाले नाही. आणि किमान १ लाख १६ हजारांचे, प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन लोकांचे, नावाने स्मरण झालेच नाही. पलटणीमागून ओझी वाहणारे, पाणी भरणारे, संडास साफ करणारे यांना ‘फॉलोअर’ म्हणत. आजोबा शिपाई नव्हते, फॉलोअर होते, असे कळल्यावर वही मिटणारी कुटुंबे मला माहीत आहेत. येथे शौर्याचे माप आपल्याच माणसाविरुद्ध वापरले जाते. लढवय्या आणि बिनलढवय्या ही विभागणी ज्यांनी आपल्यावर लादली, तिचे पहारेकरी आपणच का व्हावे?

आणि सर्वांत मोठी उणीव परतीच्या प्रवासाची. १९२१ चा किंवा १९४६ चा सैनिक गावी आला, तेव्हा गावात महार वतन जिवंत होते. ते कायद्याने गेले १९५८ च्या कायद्यानंतर. ब्रह्मदेश पाहून आलेल्या माणसाला येसकरकीची काठी पुन्हा हाती घ्यावी लागली का? त्याने नाही म्हटले तेव्हा काय झाले? त्याच्या माघारी आजीने घर कसे चालवले? रेकॉर्ड ऑफिसचा कागद यातले काही सांगणार नाही. तो भरतीपासून डिस्चार्जपर्यंत बोलतो. पुढचे घरातली म्हातारी माणसेच सांगतील, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. कागद मिळवाच, कारण पुराव्याशिवाय आपले म्हणणे कोणी मानत नाही. पण कागद हाती आल्यावर लेख संपला असे समजू नका. आजोबा शूर होते हे आता कोणाला पटवून द्यायचे उरलेले नाही. ते कोणत्या अटींवर सैनिक झाले आणि कोणत्या गावात परतले, हे लिहायचे उरले आहे.