तिसऱ्या वर्षातला फाटा

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की समीक्षा करायची तर एखाद्या पुस्तकाची करावी, अभ्यासक्रमाची कसली करायची? पण अभ्यासक्रम हीसुद्धा एक संहिताच असते. तिच्यात काय आहे, काय नाही, कशानंतर काय येतं, यातून ती आपलं म्हणणं मांडत असते. फक्त ती वाचायची आपल्याला सवय नाही. आपण ती परीक्षेच्या आदल्या रात्री बघतो.

मी मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतो, कारण तो मला जवळून माहीत आहे. आधी बीएमएम, आता बीएएमएमसी. नाव लांबलं, सांगाडा मात्र बराचसा तोच राहिला. पहिली दोन वर्षं सगळे एकत्र शिकतात : समाजशास्त्र, राजकीय संकल्पना, माध्यमांचा इतिहास, थोडा सिनेमा, थोडं लेखन. आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी फाटा येतो. जाहिरात की पत्रकारिता? एक निवडा.

मी काही वर्षं एका महाविद्यालयात पाहुणा म्हणून शिकवायला जात होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हात वर करायला सांगायचे. एका वर्षी पत्रकारितेसाठी फार थोडे हात वर आले. वर्गात सगळ्यात बारकाईनं पेपर वाचणारी मुलगी जाहिरातीच्या बाजूला गेली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "सर, घरी हप्ते आहेत." यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. तिचा निर्णय चुकला असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझी तक्रार त्या फाट्याबद्दल आहे.

कारण बघा, हा फाटा असं सांगतो की बातमी आणि जाहिरात हे दोन वेगळे रस्ते आहेत. आणि माध्यमांच्या व्यवहारातला सगळ्यात अवघड प्रश्न तर नेमका या दोघांच्या मधे उभा असतो!

२००९ची महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आठवा. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की एका बड्या नेत्याचे गोडवे गाणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः तोच छापून आला होता. 'पेड न्यूज' हा शब्द त्यानंतर घराघरांत गेला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं, म्हणजे परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, २०१०मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलनं आधी त्याची आटोपशीर आवृत्तीच पुढे आणली. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती अधिकाराचा रेटा लागल्यावर.

आता सांगा, हे प्रकरण कुठल्या शाखेनं शिकवायचं? कायदा आणि नीती दोन्हीकडे शिकवतात, पण वेगवेगळ्या वर्गांत. जाहिरातवाल्यांकडे भर एएससीआयच्या संहितेवर, म्हणजे १९८५ साली जाहिरात व्यवसायानंच स्वतःसाठी उभारलेल्या संस्थेच्या नियमांवर. पत्रकारितेवाल्यांकडे प्रेस कौन्सिल, जिला ताशेरे ओढता येतात, शिक्षा करता येत नाही. आणि पेड न्यूज ही तर बातमीचे कपडे घातलेली जाहिरात! एक वर्ग म्हणतो ती आमच्याकडची नाही, दुसरा म्हणतो आमच्याकडचीही नाही. (हशा)

बरं, हा गुंता आजचा आहे असंही नाही. १९२०च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' सुरू झालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला, ही नोंद धनंजय कीरांच्या आंबेडकर-चरित्रात आहे. आपण नेहमी विचारतो, पैसे घेऊन काय छापलं? इथं प्रश्न उलटा आहे. पैसे मिळत असूनही काय छापलं नाही? जाहिरातीची जागा कोणाला विकायची, हाही संपादकीय निर्णयच की! माध्यमांच्या इतिहासाच्या तासाला 'मूकनायक' येतं, तारखेसकट येतं. पण हा प्रसंग मला कुणाच्या वहीत लिहिलेला दिसला नाही.

याला एक उत्तर मिळतं आणि ते खोटं नाही. तीन वर्षांत किती शिकवणार? उद्योग दोन आहेत, नोकऱ्या दोन प्रकारच्या आहेत, मुलांना कधीतरी हातात काम द्यावंच लागतं. मान्य. मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांचं दुखणं तर आणखी वेगळं. तिथं धड पुस्तकंच नाहीत. 'संज्ञापन' हा शब्द पाठ होतो, आणि तो वर्गाबाहेर कुणाशी बोलताना वापरायची सोय नसते. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज सोडतो.

पण एक पेपर, फक्त एक, तिसऱ्या वर्षात दोघांना एकत्र देता येईल. मी एकदा ते चोरून करून पाहिलं. एका रविवारचा पेपर आणला, दोन्ही शाखांची मुलं एका बाकावर बसवली आणि सांगितलं, प्रत्येक मजकुराशेजारी लिहा, याचे पैसे कोणी दिले असतील. एका आरोग्यविषयक लेखापाशी सगळे अडले. पत्रकारितेचा मुलगा म्हणाला, यात दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचं मतच नाही. ती हप्तेवाली मुलगी म्हणाली, पहिल्या परिच्छेदात त्रास, दुसऱ्यात भीती, तिसऱ्यात एकाच रुग्णालयाचं नाव. ही कॉपी आहे, आम्ही अशीच लिहायला शिकतो. लेखाखाली 'जाहिरात' असं कुठंही नव्हतं. दोघांनी मिळून तो लेख दहा मिनिटांत उघडा पाडला. एकट्याला त्यातलं अर्धंच दिसलं असतं.

पुढच्या आठवड्यात वेळापत्रकात तो तास बसेना, म्हणून बंद झाला. अभ्यास मंडळावरचं कुणी आज इथं बसलं असेल तर माझी मागणी एवढीच आहे : तो एक तास वेळापत्रकात बसवा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.