घरांची टंचाई आणि परवडण्याचा निकष : एक चिकित्सा

अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाच्या नागरी भागातील घरांची टंचाई १ कोटी ८७.८ लाख इतकी अंदाजिली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ५० लाख कुटुंबे दाटीवाटीने राहणारी, तर बेघर अवघी ५.३ लाख होती. याउलट २०११ च्या जनगणनेत नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. टंचाईची झळ प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटांना बसते, हे गटाने दाखविले, हे त्याचे श्रेय होय. मात्र किंमत वा भाडे आणि उत्पन्न यांचे प्रमाण टंचाईच्या गणनेत आले नाही. मुंबई महानगर प्रदेशात विरार-बदलापूरचे घर तुलनेने स्वस्त. परंतु रोजच्या प्रवासाचा खर्च व वेळ जमेस धरता ही स्वस्ताई बरीचशी ओसरते. म्हणून प्रादेशिक गरजेच्या मूल्यमापनात रोजगारापासूनचे अंतरही मोजले जाणे अगत्याचे ठरते.