ओरिजिनल देऊ का चालू?

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार ठाऊक असतात : ओरिजिनल आणि डुप्लिकेट. स्कूटरची क्लचप्लेट घ्यायला जा, दुकानदार मान वर न करता विचारतो, "ओरिजिनल देऊ का चालू?" 'चालू' म्हणजे डुप्लिकेटच, पण गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून काढलेला शब्द.

मी स्वतः इथल्या एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात एकतीस वर्षं काढली. समोर आलेला जॉब हातात घ्यायचा, उलटा करायचा, व्हर्नियर लावायचा आणि 'रिजेक्ट' म्हणायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. रिटायर झालो तरी सवय जात नाही. पंगतीत जिलबी वाढली तरी हे आधी ती उलटी करून बघतात, असं आमची ही चारचौघांत सांगते. तेव्हा सिनेमातल्या सामानाची समीक्षा मी करतोय याचं कुणाला नवल वाटू नये. समीक्षक मंडळी पडद्यावरचं बघतात. पडद्यामागचं सामान तपासायला इन्स्पेक्शनचाच माणूस पाहिजे.

या सामानाला नाटक-सिनेमावाले 'प्रॉपर्टी' म्हणतात. आमच्याकडे प्रॉपर्टी म्हणजे वाकडचा टू बीएचके. पण ते असो.

२०१७ साली चिरंजीवांनी आम्हां उभयतांना अमेरिका दाखवली. वॉशिंग्टनला विमानांचं आणि अंतराळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, त्यामुळे हीसुद्धा उत्साहात होती. आत गेल्या गेल्या डोक्यावर लिंडबर्गचं विमान टांगलेलं. १९२७ साली हा गृहस्थ त्यातून एकटा अटलांटिक ओलांडून गेला. आणि त्याच दालनात, काचेच्या पेटीत, 'स्टार ट्रेक'मधलं एंटरप्राइज यान! १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा चिरंजीव जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसत आणि त्या टोकदार कानांच्या स्पॉकच्या नादात वरण कुठे कालवतोय याची त्यांना शुद्ध नसे. आता चाळिशी उलटलेले तेच चिरंजीव काचेला नाक लावून उभे. डोळ्यांत पाणी.

मी मात्र माझ्या कामाला लागलो. लांबी अकरा फूट. माल मुख्यत्वे लाकूड, जोडीला प्लॅस्टिक आणि थोडा पत्रा. सन १९६४. म्हणजे ज्या यानातून लोक तारे-ग्रह पालथे घालत होते ते मूळचं सुताराचं काम. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये असले जॉब महिन्याला दोन निघत. मग मी सवयीने पलीकडच्या बाजूला गेलो. तेव्हा चिरंजीवांनी माहिती पुरवली की चित्रीकरण कायम उजव्या अंगाने व्हायचं. आतल्या दिव्यांच्या वायरी डाव्या अंगाने आत शिरत, म्हणून त्या बाजूला कुणी खिडक्याबिडक्या काढायच्या भानगडीत पडलंच नव्हतं.

"म्हणजे अर्धवट काम!" ही म्हणाली. तिचं शिवणकाम आतूनही बघण्यासारखं असतं.

मी या ठिकाणी तिच्याशी असहमत आहे. कास्टिंगची जी बाजू कशाला टेकत नाही ती आम्हीही कच्चीच सोडतो. तिथं फिनिश देणं म्हणजे कंपनीचे पैसे उधळणं. कॅमेऱ्याला जेवढं दिसणार तेवढंच ड्रॉइंगमध्ये, आणि ड्रॉइंगमध्ये जेवढं आहे तेवढं चोख. जॉब पास! ज्याला ही डावी बाजू कळली त्याला सिनेमा कळला, असं माझं मत झालं आहे.

खरा घोळ पुढेच आहे. हे यान संग्रहालयाला १९७४ साली मिळालं. तेव्हापासून त्याची वरचेवर डागडुजी झाली. १९९१ च्या दुरुस्तीत त्याच्या अंगावर पत्र्याच्या जोडासारख्या रेषा इतक्या ठळक मारल्या की भक्तगण खवळले. मधली बरीच वर्षं ते संग्रहालयाच्या दुकानाच्या तळघरात होतं. २०१६ साली पुन्हा सगळं उकलून, जुने फोटो समोर ठेवून रंगवलं. फक्त वरच्या तबकडीचा माथा तेवढा सोडला, कारण १९६४ चा मूळ रंग तिथे शिल्लक होता. म्हणजे अकरा फुटी वस्तूत इन्स्पेक्शनच्या कडक नियमाने ओरिजिनल म्हणावा असा रंग तेवढाच. माझ्या मते साऱ्या दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम हेच होतं. हातात ब्रश असताना तो न चालवणं! आपल्याकडे गणपतीच्या जुन्या मूर्तीला दर वर्षी ऑइलपेंट फासणाऱ्या मंडळींनी हा माथा एकदा जाऊन पाहावा.

त्याच दालनात चंद्रावर उतरणारं यान उभं होतं. हे खरं हो, कारखान्यात चंद्रासाठीच बांधलेलं! पण ते पडलं चाचणीचं. जमिनीवर त्याच्या परीक्षा झाल्या, चंद्र काही त्याने पाहिला नाही. म्हणजे एक खरं यान, जे कधी उडालं नाही. आणि दुसरं खोटं यान, जे निम्म्या जगाच्या बैठकीच्या खोलीत उडालं. १९७६ साली तर कहर झाला. स्टार ट्रेकच्या भक्तांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला एंटरप्राइज हे नाव द्यायला लावलं. बापाचं नाव मुलाला देतात. इथे लाकडाच्या मुलाचं नाव लोखंडाच्या बापाला दिलं. आणि तेही शटल हवेतल्या चाचण्यांवरच थांबलं, अंतराळात गेलं नाही! आता यातलं ओरिजिनल कुठलं आणि चालू कुठलं, तुम्हीच सांगा.

पोशाखांचं तपासणं आणखी नाजूक. आपल्याकडच्या विज्ञानपटांत सगळ्यात लाडका 'मिस्टर इंडिया', १९८७ चा. पण त्यातला नायक अदृश्य! प्रदर्शनात मांडणार काय? रिकामी काचपेटी ठेवून खाली पाटी लावली तरी प्रेक्षक समाधानाने मान डोलावतील. सुदैवाने खलनायक दिसतो. मोगँबोचा तो सोनेरी झालरींचा अंगरखा माधव अगस्ती या आपल्या मराठी टेलरने शिवला. काम असं की आधी अंगरखा आठवतो, मागाहून गोष्ट. २००३ च्या 'कोई मिल गया'मधल्या जादूचा पोशाख ऑस्ट्रेलियात तयार झाला आणि त्याच्या आत होते इंद्रवदन पुरोहित. पोरांनी जादूवर जीव टाकला, पण आतला माणूस रस्त्यात समोरून गेला असता तर एकानेही ओळखला नसता. २०१४ साली ते वारले. म्हणून पोशाखाची तपासणी करताना मी अस्तर बघावं म्हणतो. माणूस तिथे असतो. घामाचा डाग डुप्लिकेट करता येत नाही.

आता आमच्या चाकणकडे वळू, कारण तिथे उलटा प्रकार सुरू झालाय. २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी'साठी महिंद्राने कोइमतूरच्या जयेम कंपनीला हाताशी धरून बुज्जी नावाची सहा टनांची गाडी बनवली. ती चक्क रस्त्यावर चालते. शहराशहरांतून मिरवली, लोकांनी फोटो काढले. मी तिला नापास करतो. चालते म्हणजे ती प्रॉपर्टी नव्हे, प्रोटोटाइप. सहा टन ओढूनही ती पडद्यावर काँप्युटरच्या मदतीनेच उडते, मग आमच्या अकरा फुटी लाकडाने काय घोडं मारलं होतं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर चाकणला बनणाऱ्या बीई सिक्स या विजेच्या गाडीची बॅटमन आवृत्ती निघाली. किंमत २७ लाख ७९ हजार. आधी म्हणाले ३०० काढू, मग ९९९ काढल्या, आणि त्या १३५ सेकंदांत संपल्या. एवढ्या वेळात आमच्या गल्लीत दूधवाल्याचा हिशेब होत नाही. गाडी उत्तम असेल, चाकणच्या पोरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण प्रॉपर्टीचा प्रामाणिकपणा असा की ती यंत्र नसते आणि यंत्रासारखी दिसते. इथे चांगलं चालणारं यंत्र सिनेमातल्या सामानासारखं दिसायची धडपड करतंय. चांगल्या घरच्या मुलाने नाटकातली मिशी लावून ऑफिसला जावं तसं!

आणि हे सगळं देहूच्या वेशीवर! ज्या देहूतून पडद्यावरचं आपलं सगळ्यात सुंदर उड्डाण झालं. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये, १९३६ साली, तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात. दामले आणि फत्तेलाल हे दोघे बाबुराव पेंटरांच्या तालमीतले, कोल्हापुरात ज्यांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला त्यांच्या. गरुड कृत्रिम आहे हे आजचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या वेळी आपले डोळे गरुडावर नसतातच, खाली राहिलेल्या जिजाईवर असतात. गौरीबाईंनी ती अशी केली आहे की पक्ष्याच्या पंखांची तपासणी करायला इन्स्पेक्टरही विसरतो. पुढच्याच वर्षी व्हेनिसला या चित्रपटाचा गौरव झाला.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात 'प्रभात'च्या वस्तूंचं संग्रहालय आहे. पोशाख आहेत, सामान आहे. जरूर पाहा. पण त्याच आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि 'प्रभात'च्या कितीतरी मूळ फिती जळाल्या. फितीची डुप्लिकेट निघते, म्हणून चित्रं दिसतात तरी. सामानाची कुठून निघणार? आमच्या भागात जुन्या सामानाचं एकच मोठं संग्रहालय होतं, कुदळवाडीचा भंगार बाजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तीही गोदामं पाडली.

मी पाहिलेल्या एकाही दालनात मला तो गरुड भेटला नाही. म्हणून परवा एका मित्राकडे गेलो. आकुर्डीला राहतो, जन्मभर पॅटर्नमेकर होता, लाकडाला हात लावला की लाकूड शहाणं होतं. म्हटलं, चिंचवडच्या सायन्स पार्कात रॉकेटं आहेत, मोटारी आहेत, एक कोपरा देहूच्या गरुडाला मिळाला तर? ओरिजिनल नाही तर नाही, चालू तरी करू. पाटीवर स्पष्ट लिहू, नक्कल म्हणून.

त्याने चष्मा पुसला, अंगणातल्या सागाच्या फळीकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "किती फुटी? आणि लोक कुठल्या बाजूने बघणार?"